चित्राची सहा अंगे

अजिंठ्याच्या लेण्यात शिरणाऱ्या माणसास प्रथम काहीच दिसत नाही. बाहेरच्या लख्ख उन्हातून तो एकदम अंधारात येतो व डोळे सरावेपर्यंत त्याला थांबावे लागते. मग हळूहळू भिंतीवर एक मुकुट दिसू लागतो, एक हात दिसतो, त्या हातातील कमळ दिसते. डोळ्यांना जशी अंधाराची सवय व्हावी लागते, तशीच मनालाही चित्राच्या भाषेची सवय व्हावी लागते. ती भाषा ज्याला येत नाही, त्याच्याशी उत्तम चित्रही बोलत नाही.

ही भाषा आपल्या देशात फार जुन्या काळापासून अभ्यासली गेली आहे. यशोधर नावाच्या संस्कृत टीकाकाराने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग ही ती सहा अंगे होत. अजिंठ्याची चित्रे यशोधराच्या कित्येक शतके आधीची आहेत. तरीही ही सहा नावे मनात धरून ती पाहिली, तर एकेका नावाचा अर्थ भिंतीवरच उलगडत जातो.

रूपभेद म्हणजे एका रूपाचे दुसऱ्या रूपाहून असलेले वेगळेपण ओळखणे. अजिंठ्याच्या भिंतींवर राजे आहेत, दासी आहेत, भिक्षू आहेत. हत्ती, माकडे आणि हंसही आहेत. प्रत्येकाची ठेवण निराळी आहे. राजा नुसत्या मुकुटावरून ओळखावा लागत नाही; त्याची बसण्याची ढबच त्याचे राजेपण सांगते.

प्रमाण म्हणजे मोजमाप. शरीराच्या मानाने डोके केवढे असावे, हात किती लांब असावा, हे प्रमाणाने ठरते. परंतु प्रमाण म्हणजे केवळ फूटपट्टीचा हिशेब नव्हे. पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणी भोवतालच्या सर्व माणसांहून मोठा काढलेला आहे. ही चित्रकाराची चूक नाही. त्या दृश्यात ज्याचे महत्त्व सर्वांत अधिक, त्याला त्याने मोठे स्थान दिले आहे.

भाव म्हणजे मनातील अवस्था शरीरावर उमटणे. सोळाव्या लेण्यात ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने प्रसिद्ध असलेले चित्र आहे. पती भिक्षू झाल्याची वार्ता ऐकून व्याकूळ झालेली ही स्त्री, नंदाची पत्नी सुंदरी होय, असे अभ्यासक मानतात. तिची मान कलली आहे, पापण्या मिटू लागल्या आहेत, गात्रे सैल पडली आहेत. दासी तिला मागून सावरीत आहे. डोळ्यांत एकही अश्रू काढलेला नाही. तरी दुःख भिंतीवरून सरळ पाहणाऱ्याच्या मनात उतरते.

भावाला जेव्हा डौलाची जोड मिळते, तेव्हा तिला लावण्ययोजना म्हणतात. पद्मपाणीची मान एका अंगास किंचित झुकली आहे, कंबर दुसऱ्या अंगास वळली आहे व हाती निळे कमळ आहे. त्याच्या चेहऱ्यावरची करुणा त्या वळणामुळे अधिकच कोमल वाटते.

सादृश्य म्हणजे साम्य. येथे एक गैरसमज टाळावयास हवा. सादृश्य म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे. डोळा कमळाच्या पाकळीसारखा, भुवई धनुष्यासारखी, असे साम्य शोधून चित्रकार आकृती रेखाटतो. म्हणून अजिंठ्यातील चेहरे छायाचित्रासारखे नसूनही जिवंत वाटतात.

सहावे अंग वर्णिकाभंग, म्हणजे रंग आणि कुंचला यांचा कुशल उपयोग. अजिंठ्याचे कारागीर प्रथम खडबडीत कातळावर मातीचा गिलावा देत. त्यात भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेले असत. त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन पृष्ठभाग गुळगुळीत केला जाई. भिंतीवर काढलेल्या अशा चित्रास भित्तिचित्र म्हणतात. तांबडा व पिवळा रंग गेरूसारख्या मातीतून, हिरवा एका प्रकारच्या खनिजातून, तर काळा काजळीतून मिळे. निळा रंग मात्र राजावर्त नावाच्या दगडाचा असे आणि तो दगड दूरच्या अफगाणिस्तानातून येई. हे सारे रंग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून, गिलावा वाळल्यावर लावीत असत.

या सहा अंगांखेरीज आणखी दोन शब्द जाणून घ्यावेत. आकृतीची कड दाखविणारी ती रेषा. अजिंठ्यात आधी तांबड्या रंगाने आकृती रेखाटीत, मग रंग भरीत आणि शेवटी गडद रेषेने ती पक्की करीत. दुसरा शब्द छायाप्रकाश. नाक, ओठ आणि हनुवटी यांवर उजळ छटा व कडेला गडद छटा दिली की सपाट भिंतीवरचा चेहरा गोलाई घेतो.

ही भाषा न जाणल्यामुळे केवढी हानी होते, तेही अजिंठ्यानेच पाहिले आहे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला. त्याच्यामुळे लेण्यांची वार्ता दूरवर पोहोचली. परंतु त्यानेच दहाव्या लेण्यातील रंगविलेल्या खांबावर आपले नाव व तारीख कोरली. त्याच्यामागून आलेल्या अनेकांनीही असाच अविचार केला.

याउलट, काहींनी आपले आयुष्य या चित्रांसाठी वेचले. रॉबर्ट गिल याने अनेक वर्षे खपून त्यांच्या प्रतिकृती काढल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या आगीत भस्म झाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून तेच काम पुन्हा हाती घेतले. त्यांच्याही अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. प्रतिकृती पुन्हा काढता आल्या. मूळ भिंतीवरचा एक टवका उडाला, तर तो मात्र पुन्हा काढता येत नाही.

१९८३ साली या लेण्यांना जागतिक वारशाचे स्थान मिळाले. आज तेथे पहारेकरी आहेत व मंद दिवे आहेत. तथापि चित्राचा खरा राखणदार जाणता डोळाच होय. ज्याला रेषेचे वळण समजले, भावाची खूण पटली, त्याचा हात भिंतीवर नाव कोरण्यास कधीही धजणार नाही.