आधी पडायला शिका

दिल्लीतला एखादा तरुण आर्किटेक्ट डोळ्यांसमोर आणा. दिवसभर घरांचे नकाशे काढतो, संध्याकाळी मुलांना ज्युदो शिकवतो. दोन कामांचा एकमेकांशी काय संबंध? गंमत म्हणजे दोन्हीकडे पहिला धडा एकच: मार कसा पचवायचा!

ज्युदोच्या वर्गात नवं पोर आलं, की त्याला पाडायला नाही, पडायला शिकवतात. जपानीत त्याला ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीशी, पाठ गोल आणि अंग टेकताच मॅटवर हाताचा सणसणीत तडाखा. कशासाठी? पडण्यातली ऊर्जा कुठेतरी जाणारच. ती एकट्या कोपरावर आली तर हाड मोडतं. हात-पाठीवर पसरली तर पोर हसत उठतं! जिगोरो कानो यांनी १८८२ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी ज्युदोची शाळा काढली. नावातल्या ‘ज्यु’चा अर्थच मुळी मऊपणा.

आता इमारतीकडे या. भूकंपात पायाखालची जमीनच हलते आणि वजन जितकं जास्त, तितका हिसका मोठा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाडजूड भिंती कोसळल्या. वजन प्रचंड होतं, पण दगडाला दगड धरून ठेवणारं काहीच नव्हतं.

मग हिसका पचवायचा कसा? एक तार घेऊन तीच ती जागा भराभर वाकवा. बोट लावून पाहा, तिथे ती गरम झालेली असते! तुमचा जोर तारेने उष्णता करून टाकला. चांगल्या इमारतीत बीमच्या टोकांना नेमकं हेच काम दिलेलं असतं. बीमने आधी वाकायचं, कॉलमने मात्र उभंच राहायचं. त्यासाठी कॉलमच्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांची टोकं ९० नव्हे, १३५ अंशांत आत वळवतात. बाहेरचं काँक्रीट सुटलं तरी ही मूठ उघडत नाही. एवढ्याशा वळणावर माणसं वाचतात!

आणि पाय? दिल्ली-गुरुग्राममध्ये कित्येक इमारतींना खाली मोकळं पार्किंग, वर भिंतींनी भरलेले मजले. म्हणजे धड ताठ, गुडघे लुळे. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच कित्येक इमारती बसल्या. दिल्लीला तर हिमालय शेजारी आणि यमुनाकाठचा मऊ गाळ, जो हादरा आणखी वाढवतो.

उपाय नकाशातच असतो. जिन्यालगत, लिफ्टभोवती काँक्रीटची भिंत थेट पायापासून वर न्यायची. संध्याकाळी मुलाच्या खांद्याला हलकाच धक्का देऊन त्याचे गुडघे पाहणारी नजर, सकाळी नकाशातला तळमजला तशीच पाहते.