पहिलीची ८० अक्षरे

तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. दोन लिप्या शिकताना कधी कधी तुमचा गोंधळ होतो ना? जपानमधील मुलांना तर एकाच भाषेसाठी तीन लिप्या शिकाव्या लागतात!

जपानमध्ये एप्रिल महिन्यात नवे शालेय वर्ष सुरू होते. सहा वर्षांची मुले पहिलीत जातात. ती आधी हिरागाना आणि मग काताकाना ही लिपी शिकतात. दोन्हींत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत. ही अक्षरे फक्त उच्चार दाखवतात. परदेशी नावे काताकानात लिहितात. आपल्या देशाचे नाव ते ‘इंदो’ असे लिहितात.

तिसरी लिपी कांजी. ती फार पूर्वी चीनमधून जपानमध्ये आली. कांजीतील अक्षराला उच्चाराबरोबर अर्थही असतो. पहिलीत अशी ८० अक्षरे शिकवतात.

त्यांतील काही अक्षरे चित्रांसारखी आहेत. ‘डोंगर’ या अक्षरात तीन उभ्या रेषा असतात. मधली रेषा सर्वांत उंच, जणू शिखरच! ‘झाड’ या अक्षरात खोड, फांद्या आणि मुळे दिसतात. दोन झाडे शेजारी लिहिली, की ‘वन’ होते. तीन झाडे लिहिली, की ‘घनदाट अरण्य’ होते. झाडाशेजारी माणूस लिहिला, तर अर्थ होतो ‘विश्रांती’. झाडाखाली विसावलेला वाटसरू आठवला ना?

पण सगळेच इतके सोपे नाही. एकाच अक्षराचे अनेक उच्चार असतात. ‘डोंगर’ हे अक्षर एकटे असले, तर ‘यामा’ वाचतात. फुजी पर्वताच्या नावात मात्र ‘सान’ वाचतात. ‘मोठा’ या अक्षराला उजवीकडे वर एक ठिपका दिला, तर ‘कुत्रा’ होतो! उर्दूत ‘जीम’चा नुक्ता वर गेला, की ‘खे’ होते, हे तुम्ही जाणताच.

म्हणून तेथील मुले चौकटींच्या वहीत प्रत्येक अक्षर पुन्हा पुन्हा गिरवतात. कोणती रेषा आधी आणि कोणती नंतर, हेही ठरलेले असते. दुसरीत आणखी १६० अक्षरे येतात. सहावी संपेपर्यंत एकूण १०२६ अक्षरे शिकून होतात.

१०२६ अक्षरे एका दिवसात कोणालाच येत नाहीत. थेंबे थेंबे तळे साचे. मराठीतील एखादे जोडाक्षर चुकले, तर निराश होऊ नका. ते पुन्हा लिहा. आज अवघड वाटणारे अक्षर उद्या तुमच्या ओळखीचे होईल.