मिग विमानाचा जमाखर्च

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला एक निरोप-समारंभ झाला. निरोप कोणाला? एका विमानाला. त्याचे नाव मिग-२१. हे लढाऊ विमान ६२ वर्षे आपल्या हवाई दलात होते. त्या दिवशी हवाई दलाचे प्रमुख ए. पी. सिंग यांनी स्वतः ते उडवले. विमाने खाली उतरली तेव्हा त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले. हा त्यांचा मान. त्यानंतर मिग-२१ कायमचे निवृत्त झाले.

आम्हाला जुन्या लढाऊ विमानांचा फार नाद आहे. आमचा खंडाळा पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याला. पुण्याच्या पलीकडे लोहगावला हवाई दलाचा तळ आहे. लहानपणी आभाळात विमानाचा आवाज आला, की आम्ही हातातले काम टाकून अंगणात पळायचो. विमान दिसायचे नाही, नुसता आवाज यायचा. घरचे रागवायचे. पण नाद काही सुटला नाही.

मंडळी आम्हाला म्हणतात, "अहो, विमान जुने झाले, मोडीत गेले. त्याचे एवढे काय?" बरोबर आहे. पण या विमानाशी आपल्या सातारा-सांगलीकडचे एक नाव जोडलेले आहे. आणि या विमानाचा जमाखर्चही मोठा आहे. तो आपण समजून घेऊ या.

आपल्याकडचे नाव

ते नाव यशवंतराव चव्हाणांचे. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे गावी झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. शिक्षण झाले कराडला. १९६२ साली चीनने आपल्यावर हल्ला केला. त्या वेळी पंतप्रधान नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावले आणि देशाचे संरक्षणमंत्री केले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे लोक तेव्हा म्हणाले.

मिग विमाने रशियाकडून घ्यायची, असे १९६२ सालीच ठरले होते. १९६३ साली पहिली विमाने आली. पण विमान नुसते विकत घेऊन भागत नाही. उद्या देणाऱ्याने हात आखडला तर काय करायचे? म्हणून विमान इथेच बनवायचे ठरले. यशवंतराव संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, नाशिकजवळ ओझरला मिगचा कारखाना निघाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, आणि विजेची नाजूक यंत्रे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली.

आधी रशियाहून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. पुढे कामगार शिकले. मग भागही इथेच बनू लागले. ज्या जिल्ह्याची ओळख द्राक्षे आणि कांदा, तिथल्या कारागिरांनी आवाजाहून वेगवान विमान घडवले. आपल्या देशाला आठशेहून जास्त मिग-२१ मिळाली. त्यांतली सहाशेहून जास्त इथेच तयार झाली.

हे विमान होते कसे?

आवाजाहून वेगवान म्हणजे काय? पावसाळ्यात वीज आधी दिसते, गडगडाट मागून ऐकू येतो. कारण आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटरच जातो. मिग-२१ उंच आभाळात आवाजाच्या दुप्पट वेगाने जाई. म्हणजे ताशी दोन हजार किलोमीटरहून जास्त. पुण्याहून साताऱ्याला जायला एस. टी. ला अडीच-तीन तास लागतात. या वेगाने तेवढे अंतर तीन-चार मिनिटांत संपते!

एवढा वेग येतो कुठून? फुगा फुगवून तोंड न बांधता सोडून द्या. हवा मागे जाते, फुगा पुढे पळतो. मिगचे इंजिनही असेच. ते पुढून हवा ओढते, इंधनाबरोबर जाळते आणि तापलेला वायू जोराने मागे फेकते. त्या जोराने विमान पुढे जाते.

विमान लहान, पंख आखूड आणि तिकोनी. आत एकच माणूस बसणार. इंजिनही एकच. आखूड पंखांमुळे ते बाणासारखे जाई. पण उतरताना तेच पंख अडचणीचे होत. वेग फार कमी केला तर विमान हवेत टिकत नाही. म्हणून धावपट्टीला टेकतानाही वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर ठेवावा लागे. टेकले, की मागून एक छत्री उघडे आणि विमानाला मागे ओढून धरी. मग कुठे ते थांबे.

जमेची बाजू

१९७१ साली पाकिस्तानशी लढाई झाली. बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर आपल्या मिग-२१ ने पाकिस्तानचे एक अमेरिकन बनावटीचे लढाऊ विमान पाडले. १४ डिसेंबरला ढाक्यात तिथल्या राज्यपालांच्या वाड्यात बैठक भरली होती. मिग विमाने आली आणि त्यांनी वाड्यावर अग्निबाण सोडले. राज्यपालांनी त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. लढाई संपली. तो विजय एकट्या विमानाचा नव्हे. पायदळ, नौदल, बांगलादेशची जनता, सगळ्यांचा हात त्याला लागला. तरी या विमानाचा वाटा मोठा.

दुसरी जमा आहे शिक्षणाची. हजारो वैमानिक या विमानावर शिकले. हजारो कामगार ते बनवायला आणि दुरुस्त करायला शिकले.

खर्चाची बाजू

आता वहीचे दुसरे पान उलटू. ते वाचताना जीव जड होतो.

२०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे सांगितले. १९७१ पासून तोवर मिग जातीच्या सगळ्या विमानांचे मिळून ४८२ अपघात झाले. त्यांत १७१ वैमानिक गेले. जमिनीवरची ३९ साधी माणसेही गेली. ती तुमच्याआमच्यासारखी माणसे. त्यांचा विमानाशी काय संबंध?

अपघात इतके का झाले? कारण एकच नाही. इंजिन एकच. दोन बैलांच्या गाडीत एक बैल बसला, तर दुसरा निदान ओढ धरतो. इथे एकमेव इंजिन बंद पडले, की वैमानिकाच्या हाती फार थोडे उरे. उतरण्याचा वेग जास्त. समोरून पक्षी आदळण्याची भीती. शिवाय नवे वैमानिक हळू विमानावर शिकत आणि तिथून या वेगवान विमानावर येत. मधली पायरी धड नव्हती. ती पायरी म्हणजे हॉक नावाचे शिकाऊ विमान. ते आले २००८ साली.

आणखी एक कारण आहे. मिगच्या जागी येणारे आपले तेजस विमान वेळेवर झाले नाही. ते पहिल्यांदा उडाले २००१ साली, आणि त्याचे पहिले पथक उभे राहिले २०१६ साली. तोवर म्हाताऱ्या मिगलाच जू ओढावे लागले. सव्वाशेच्या आसपास विमानांत नवी यंत्रे बसवून त्यांचे आयुष्य वाढवले.

१७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातल्या सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हे मराठी वैमानिक मिग-२१ च्या अपघातात गेले. चूक वैमानिकाची, असे चौकशीत म्हटले गेले. त्यांच्या आईने ते मान्य केले नाही. दुसऱ्यांची मुले तरी वाचावीत, म्हणून त्यांनी कित्येक वर्षे आवाज उठवला. मुलगा गेल्यावर घरात बसून रडणे सोपे. या माउलीने प्रश्न विचारले. तेही देशाचेच काम, असे आम्हाला वाटते.

मग जुने विमान ठेवायचे कशाला?

काही जुनी विमाने मोडीत जातात. काही जपून ठेवतात. पुण्यात घोरपडीला राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. ते नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले. तिथे मिग-२३ हे मिगच्याच घराण्यातले विमान ठेवले आहे. गोव्यात वास्कोजवळ नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे. तिथेही जुनी विमाने जवळून बघता येतात.

आपल्या सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावे आहेत. अपशिंगे गावाला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. फौजीच्या पेटीतली पदके घरचे जपतात. पदकाबरोबर त्याच्या जखमेची गोष्टही सांगतात. विमानाचेही तसेच करावे. नुसता विजय सांगितला तर गोष्ट अर्धीच राहते. नुसते अपघात सांगितले तरी अर्धीच.

तेव्हा पुण्याला कामानिमित्त गेलात, तर वेळ काढून ते विमान बघून या. मुलाबाळांना बरोबर न्या. तिथे जे फलक असतील ते स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते, दुसऱ्याला विचारायची गरज नाही. मुलांनाही वाचून दाखवा. आणि फलकावर नसेल ते तिथल्या माणसांना विचारा. हे कुठे बनले? हे कोण चालवत होते? त्यांतले किती जण घरी परत आले?