वारा तोंडावर, वास पाठीमागे

रानात शिरलेल्या माणसाची चाहूल प्राण्यांना तीन प्रकारे लागते: पाहून, ऐकून आणि वास घेऊन. झाडाआड राहून डोळे चुकवता येतात. पाचोळा टाळत सावकाश चालले तर कानही चुकवता येतात. नाक चुकवणे मात्र फार अवघड. माणूस दगडासारखा स्तब्ध बसला तरी त्याचा वास जागेवर बसत नाही; तो वाऱ्याबरोबर निघून जातो आणि आपल्या आधी जाऊन प्राण्याला आपली बातमी देतो.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत, वाड्या-पाड्यांवर राहणाऱ्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजांतल्या जुन्या माणसांना हे शास्त्र पुस्तकाविना ठाऊक होते. सशामागे किंवा रानडुकरामागे जाताना वारा तोंडावर घ्यायचा, पाठीवर घ्यायचा नाही, हा शिकारीतला पहिला धडा.

आज तिथे शिकार करणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला. शहापूरच्या बाजूला तानसा अभयारण्य आहे आणि मुरबाडच्या पूर्वेला भीमाशंकर अभयारण्याची हद्द येऊन भिडते. मग हे ज्ञान आता जुन्या माणसांबरोबर जाऊ द्यायचे का? आम्हांला तसे वाटत नाही. याच ज्ञानाची गरज आज दोघांना आहे. एक, पाणवठ्यावर बसून प्राणी मोजणारा. त्याला आपला वास लपवायचा आहे. दुसरा, रात्री भाताची राखण करणारा शेतकरी. त्याला आपला वास रानडुकरापर्यंत पोचवायचा आहे. दोघांचे काम उलट, पण विज्ञान एकच.

माणसाला वास कशाचा येतो?

आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतून येणारा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि क्षार. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतोच. काखेतल्या आणि जांघेतल्या काही ग्रंथींमधून मात्र मेद आणि प्रथिने असलेला थोडा दाट स्राव येतो. त्वचेवरचे जीवाणू तो खातात आणि त्यातून हवेत उडून जाणारी आम्ले व इतर पदार्थ तयार होतात. हाच आपला वास.

याशिवाय त्वचेच्या मृत पेशी सतत झडत असतात, दर मिनिटाला हजारो. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रत्येक कणावर थोडे जीवाणू आणि थोडा तेलकटपणा असतो. हे कण हवेत तरंगतात, गवतावर बसतात, पायवाटेवर पडतात. म्हणून माणूस निघून गेल्यावरही त्याची वाट वासाने ओळखता येते. पोलिसांचे श्वान माग काढते ते याच जोरावर.

भेकराचे नाक

भेकर, सांबर, रानडुक्कर यांची नाके ओलसर असतात. नाकपुडीच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, कागदाची सुरळी करावी तशा. त्यांच्यावर नाजूक अस्तर असते. गुंडाळ्यांमुळे थोड्या जागेत अस्तराचे क्षेत्रफळ पुष्कळ वाढते आणि आत आलेल्या हवेतला वास टिपायला जास्त पेशी मिळतात.

या पेशींवर वास ओळखणारे 'ग्राहक' असतात. १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी त्यांची जनुके शोधून काढली आणि २००४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार काम करतात. डुकरात एक हजाराहून अधिक. प्रत्येक वास म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून दिलेला एक नमुना. जितके प्रकार जास्त, तितकी वासांची भाषा समृद्ध.

वास जातो कसा?

आपण शिकवतो की वास विसरणाने पसरतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. निव्वळ विसरणाने उदबत्तीचा वास खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायला कित्येक दिवस लागतील. तो काही मिनिटांत पोचतो, कारण खोलीतली हवा हलत असते. रानात तर हे काम पूर्णपणे वाऱ्याचे.

हिशेब सोपा आहे. अगदी मंद वारा सेकंदाला १ मीटर जातो असे धरू. पाच मिनिटांत तो ३०० मीटर जाईल आणि आपला वासही तेवढाच पुढे गेलेला असेल. वासाची धार सलग मात्र नसते. झाडे, खडक आणि झुडपे यांना अडून वाऱ्यात भोवरे पडतात आणि वासाचे तुकडे होतात. म्हणून भेकर मान वर करून थांबते, नाक फिरवते, पुन्हा हुंगते. तुकडे जुळवून ते दिशा ठरवत असते. खात्री पटली की कुत्र्यासारखे भुंकते आणि दिसेनासे होते.

दुपारच्या उन्हात जमीन तापते, हवा वर उठते आणि वास लवकर विरतो. गार, दमट रात्री जमिनीलगतची हवा जड असते, तेव्हा वास खालीच रेंगाळतो आणि दूरवर ओळखू येतो.

उताराचा वारा आणि पाणवठा

सह्याद्रीच्या पायथ्याला वाऱ्याचे दैनंदिन वेळापत्रक असते. दिवसा उतार तापतात, त्यांच्यालगतची हवा हलकी होऊन डोंगर चढू लागते. इथला उतार पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे तो सकाळी उशिरापर्यंत सावलीत राहतो आणि चढता वारा उशिराच सुरू होतो. सूर्य मावळला की उतार लवकर गार होतात, हवा जड होते आणि पाण्यासारखी घळींतून, ओहोळांतून खाली वाहू लागते. मोठा वारा सुटला किंवा आभाळ भरून आले की हे वेळापत्रक मोडते. निरभ्र, शांत रात्री मात्र ते स्पष्ट जाणवते.

आता बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेचा विचार करू. दुपारी मचाणावर चढलेला माणूस साधारणपणे दुसऱ्या दिवशीच उतरतो. पाणवठा बहुधा ओहोळात असतो. दुपारी वारा चढता असतो, तेव्हा पाण्याच्या वरच्या अंगाला बसलेल्या माणसाचा वास आणखी वर जातो. पाण्यावर येत नाही. जागा अगदी योग्य वाटते. पण सूर्य मावळला की वारा उलटतो आणि तोच वास ओहोळाच्या नळीतून थेट पाण्यावर उतरतो. नेमके प्राणी यायच्या वेळी! रात्रभर एकही प्राणी दिसला नाही, तर 'या रानात प्राणी नाहीत' असा निष्कर्ष निघू शकतो. खरे तर प्राणी येऊन, वास घेऊन, परत गेलेले असतात.

म्हणून मचाण ओहोळाच्या रेषेत नसावे, एका बाजूला आणि उंचावर असावे. उंचीचा आणखी एक फायदा आहे. आपल्या अंगाच्या उबेने भोवतालची हवा सतत वर उठत असते आणि वासही तिच्याबरोबर वर जातो. उंचावरून निघालेला वास जमिनीवर उतरेपर्यंत दूर गेलेला आणि विरलेला असतो. पूर्ण संरक्षण यातून मिळत नाही, पण बरेच मिळते.

वास झाकता येतो का?

अंघोळ केल्याने वास कमी होतो, पण सुगंधी साबण वापरला तर रानात नसलेला एक नवा वास अंगाला लागतो. अत्तर, डोक्याचे सुवासिक तेल, विडी यांचेही तेच. धुराने माणसाचा वास झाकला जातो असे अनेकांना वाटते. आपल्या नाकाला तसे जाणवते खरे. पण ज्याच्याकडे हजारभर ग्राहक आहेत त्याला धूर आणि माणूस असे दोन्ही वास वेगवेगळे ओळखू येऊ शकतात.

कोळसा वास शोषतो, हे कातकऱ्यांच्या कोळसाभट्ट्या पाहिलेल्या या भागाला नवे नाही. परदेशात शिकाऱ्यांसाठी कोळशाचा थर असलेले कपडे विकले जातात. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे कपडे घातलेली माणसे शोधकुत्र्यांकडून शोधवली गेली. कपड्यांमुळे लपणाऱ्यांचा फायदा झालेला दिसला नाही. शोधावर परिणाम झाला तो हवामानाचा. म्हणजे महागड्या कपड्यांपेक्षा चिमूटभर राख हवेत सोडून वारा पाहणारा जुना माणूस बरोबर होता.

शेतकऱ्याची उलटी गरज

भात पिकू लागले की रानडुकरे शेतात उतरतात आणि एका रात्रीत वर्षाच्या धान्याची नासाडी करतात. अनेक ठिकाणी शेतकरी न्हाव्याकडून केस आणून बांधावर टाकतात किंवा फडक्यात बांधून टांगतात. केसांना माणसाचा वास असतो, तेव्हा कल्पना चुकीची नाही. पण अनुभव मिश्र आहे. पहिले काही दिवस डुकरे बिचकतात, मग सरळ आत येतात. असे का होते?

पहिले कारण वाऱ्याचे. ऑक्टोबरच्या निरभ्र रात्री हवा डोंगरावरून, म्हणजे रानाकडून शेताकडे वाहते. माळ्यावरच्या राखणदाराचा आणि खालच्या बांधावरच्या केसांचा वास डुकराकडे जातच नाही. केस टांगायचे तर रानाच्या अंगाला, डुकरांच्या वाटेवरच टांगायला हवेत.

दुसरे कारण शिकण्याचे. वास म्हणजे नुसती सूचना. ज्या रानात माणसाच्या वासामागून धोका येतो, तिथे प्राणी त्या वासाला घाबरतात. जिथे काहीच होत नाही, तिथे सरावतात. केस टांगले आणि माणूस घरी झोपला, की डुकराला दोनचार रात्रींत कळते की या वासामागे कोणी नाही. म्हणून केसांची जागा बदलत राहावी, पावसाने धुतले गेले की नवे टाकावेत आणि मधूनमधून खरीखुरी राखण, उजेड, आवाज यांची जोड द्यावी. वाडीने मिळून पाळीपाळीने राखण केली तर हे जमते.

हे उपाय फसले की काही जण बांधावर विजेची उघडी तार सोडतात. ते बेकायदा तर आहेच, पण अशा तारेने डुकरांबरोबर गुरे आणि माणसेही मेली आहेत. वर्गात ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगायला हवी.

वर्गात करून पाहा

रुईच्या म्हाताऱ्या गोळा करा. शाळा उताराजवळ असेल तर सकाळी ८, ११, दुपारी ३ आणि सूर्यास्तानंतर एकेक म्हातारी सोडून ती कुठे जाते ते आठवडाभर लिहून ठेवा. आभाळ होते की नाही, तेही नोंदवा. वारा कधी उलटतो?

दुसरा प्रयोग: मैदानात उदबत्ती लावा. डोळे बांधलेली मुले तिच्या चारही बाजूंना ५, १० आणि १५ मीटरवर उभी करा. वास आला की हात वर करायचा. कोणाचा हात वर होतो, किती वेळाने, आणि तो सतत वर राहतो की मधेच खाली येतो? वासाचे तुकडे होतात म्हणजे काय, ते मुलांना इथे दिसेल.

तिसरे काम घरी करायचे. वाडीतल्या आजोबांना विचारा, वारा कसा ओळखता? घळीतला वारा आणि माळावरचा वारा यांत काय फरक? प्रश्न वाऱ्याबद्दलच असू द्या. कोणी काय मारले, हे विचारू नका. गुन्ह्याची चौकशी होते आहे असे वाटले तर आजोबा गप्प बसतील आणि पोराला वर्गात मान खाली घालावी लागेल. त्यांची उत्तरे मुलांच्या आठवडाभराच्या नोंदींशेजारी फळ्यावर लिहा आणि दोन्ही ताडून पाहा. जिथे जुळतील तिथे कारण शोधा. जिथे जुळणार नाहीत तिथे आणखी एक आठवडा म्हाताऱ्या सोडा.