नुसत्या शंखावरून जात कशी ओळखतात?

घरात पूजेचा शंख असेल तर तो जरा हातात घ्या. शंख म्हणजे समुद्री गोगलगायीचे कवच, हे मुलांना सांगितले की ती चकित होतात. आता कल्पना करा, हाच शंख पन्नास लाख वर्षे जुना आहे. आतला मऊ प्राणी कधीच कुजला, डीएनए मिळत नाही, रंगही उडालेला. मग ही गोगलगाय कोणत्या जातीची, हे ठरवायचे कशावरून?

वर्णनाची एक ठरलेली रीत आहे. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचे. तोंड उजवीकडे दिसले तर शंख उजवा, डावीकडे दिसले तर डावा. बहुतेक जाती उजव्याच असतात. (गंमत म्हणजे आपला पूजेतला दुर्मीळ 'दक्षिणावर्ती' शंख टोक खाली धरून पाहतात, त्यामुळे शास्त्राच्या भाषेत तो डावा!) मग वेढे मोजायचे. दोन वेढ्यांमधली शिवण खोल आहे का, पाठीवर उभ्या बरगड्या आहेत की आडव्या रेषा, तोंडाखाली पन्हळ आहे का, हे सगळे लिहायचे. टोकावरचे इवलेसे पहिले वेढे भिंगाखाली पाहायचे, कारण ते अळीच्या अवस्थेतले कवच असते. त्यावरून अळी पाण्यात बराच काळ तरंगत होती की लवकर तळाशी बसली, याचा अंदाज येतो.

इथे घाई केली की फसगत होते. स्ट्रॉम्बस गटातल्या शंखांचा ओठ मोठेपणीच पसरतो. त्यांची पिल्ले चक्क कोनस शंखांसारखी दिसतात. पिल्लू आणि प्रौढ यांना दोन नावे दिली तर एका जातीच्या दोन होतात, आणि त्या काळी समुद्रात किती जाती होत्या, त्यातल्या किती नष्ट झाल्या, हा सगळा हिशेबच चुकतो.

कोनस तर फारच अवघड. त्यांचे आकार एकमेकांशी इतके मिळतेजुळते, की आजच्या जाती ओळखायलाही रंग आणि नक्षी लागते. अमेरिकेतले जोनाथन हेन्ड्रिक्स यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधले सुमारे 48 ते 66 लाख वर्षांपूर्वीचे पांढरे पडलेले कोनस अतिनील प्रकाशात पाहिले. जिथे पूर्वी रंग होता तो भाग चमकू लागला! जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटे चित्र, ते संगणकावर पुन्हा उलटवले की मूळ नक्षी दिसते. 2015 साली त्यांनी अशा 28 जाती नोंदवल्या, त्यातल्या 13 नव्या. त्यातल्या कोनस कार्लोटीवर मोठे मोठे ठिपके आहेत. अशी नक्षी आजच्या कोनसांत दिसत नाही.

नव्या जातीला नाव देताना एक शंख मूळ नमुना म्हणून निवडतात आणि क्रमांक घालून संग्रहालयात जपतात. त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे शंका आली की तुलना त्याच्याशीच.

वर्गात करून पाहण्यासारखे एक काम सांगते. पाच-सहा सारखेच दिसणारे शंख घ्या. एका गटाने त्यातल्या एकाचे वर्णन लिहायचे, पण रंगाचा एकही शब्द न वापरता. दुसऱ्या गटाने तो कागद वाचून नेमका तोच शंख शोधायचा. सापडला नाही तर कोणता शब्द कमी पडला, ते मुलांनाच शोधू द्या.