बोल कुणाला? – वाढते वजन आणि वंध्यत्व

अंगाने भरलेल्या माणसाला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की मात्र कौतुकाची भाषा बदलते आणि बोल लावला जातो तो सुनेला. वजनाचा आणि अपत्यप्राप्तीचा संबंध खरोखर आहे काय? असल्यास तो एकट्या स्त्रीपुरताच आहे काय?

शरीरातील चरबी हा नुसता साठा नव्हे. संप्रेरकांच्या घडामोडीत तिचा वाटा असतो. चरबी, विशेषतः पोटातील, वाढली की पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते. या जादा इन्शुलिनमुळे स्त्रीच्या बीजांडकोशात पुरुषी संप्रेरके वाढतात, स्त्रीबीजाची वाढ अर्ध्यावर खुंटते आणि पाळी लांबते. ‘पीसीओएस’ या विकारात हेच दिसते. त्याचे वर्णन शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी 1935 साली केले. हा विकार सडपातळ स्त्रियांनाही होतो. वजनाने तो बळावतो. गर्भ राहिल्यावरही गर्भपात, गर्भारपणातील मधुमेह व रक्तदाब यांचा धोका स्थूलतेमुळे वाढतो.

पुरुषाची सुटका नाही. मेदपेशींमधील ॲरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. परिणामी शुक्रजंतूंची संख्या व हालचाल मंदावू शकते. सोबत मधुमेह असल्यास शरीरसंबंधातही अडचणी येतात.

‘मी कुठे जाडा आहे?’ असे कुणी म्हणेल. येथे पुण्यातील संशोधन डोळे उघडणारे आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे सुमारे 3.5 किलो. आपली बालके स्नायूंनी कमी भरली. चरबी मात्र त्यांनी त्या मानाने राखलेली होती. वरून बारीक, आतून मेदयुक्त! म्हणूनच वजनाला उंचीच्या (मीटरमधील) वर्गाने भागून येणारा अंक भारतीयांच्या बाबतीत 23 च्या आत असावा, असे तज्ज्ञ मानतात. 160 सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा सुमारे 59 किलो होते.

आता आपल्या भोसरीकडे पाहू. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे येथील शिवारात कारखाने उभे राहिले. शेतातले कष्ट सुटले, पाळ्या आल्या. रात्रपाळीचे जागरण, अवेळी जेवण, मध्ये चहा-वडापाव आणि सुटीला झोप, हा अनेक घरांचा क्रम झाला. तालमीत घाम गाळणाऱ्याचा खुराक नातवाने चालू ठेवला. जोर-बैठका मात्र सोडल्या! 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे 24 टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा अधिक वजनाच्या आहेत. पुरुषांचे प्रमाणही जवळपास तेवढेच आहे.

उपाय आवाक्यातला आहे. पीसीओएस असलेल्या स्थूल स्त्रीने पाच ते दहा टक्के वजन उतरवले, म्हणजे ऐंशी किलोतून चार ते आठ किलो, तरी पुष्कळदा पाळी मार्गावर येते. पण त्यासाठी उपासमार करू नये. फार कृश झाल्यानेही पाळी बंद पडते. वर्षभर प्रयत्न करूनही (पत्नी पस्तिशीपुढची असल्यास सहा महिन्यांनी) गर्भ राहिला नाही, तर डॉक्टरांकडे दोघांनी जावे. पुरुषाची वीर्यतपासणी साधी असते, पण संकोचापायी तीच सर्वांत मागे राहते, आणि तोवर पत्नी मात्र औषधे व अंगारे-धुपारे यांच्या फेऱ्यांत सापडलेली असते.

वंध्यत्वाची कारणे अनेक आहेत. वजन हे त्यांतील एक, आणि बरेचसे आपल्या हातातले. पुढच्या वेळी घरात किंवा शेजारी कुणा सुनेला बोल लावला जाईल, तेव्हा ‘मुलाची तपासणी झाली का?’ एवढे विचारण्याचे धैर्य आपण सुशिक्षितांनी दाखवले, तरी आपले शिक्षण कारणी लागेल.