बागेतली आगगाडी (भाग ७) : स्लीपर कुजतो कुठून?

रूळ ठरला, आता त्याखालचं लाकूड. ब्रॉडगेजचा जुना लाकडी स्लीपर पावणेतीन मीटर लांब, पाव मीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर जाड असायचा. इंजिनाच्या एकेका आसावर वीस-बावीस टन यायचे, तेव्हा तेवढं लाकूड लागणारच. बागेतल्या गाडीत आजी-आजोबा आणि नातवंडांचा अख्खा गोतावळा बसला तरी भार त्याच्या जवळपासही जात नाही. सव्वासात इंची गेजच्या, डब्यावर घोड्यासारखी मांड ठोकून बसायच्या गाडीचा तर विचारच नको. त्यामुळे लहान गाडीचा स्लीपर चेपून कधी जात नाही. तो कुजून जातो, नाहीतर वाळवीच्या पोटात जातो. तरीही लोक वखारीत जाऊन ‘मजबूत लाकूड दाखवा’ म्हणतात आणि वखारवाला निलगिरी पुढे करतो. निलगिरी मजबूत आहे, यात वाद नाही. पण वाळताना ती पिळवटते, तोंडाला तडे जातात, आणि पिळवटलेल्या स्लीपरवर गेज राखणं म्हणजे रोजची डोकेदुखी.

मागायचा तो टिकाऊपणा, आणि तो मोजायची आपल्याकडे एक नामी रीत आहे. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत ६० सेंटिमीटर लांब आणि ५ बाय ५ जाडीचे खुंटे वाळवीच्या जमिनीत अर्धे पुरून ठेवतात आणि किती महिने टिकतात ते पाहतात. या चाचणीचं नावच ‘ग्रेव्हयार्ड टेस्ट’ आहे. सरासरी १२० महिने किंवा त्याहून जास्त तग धरली तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिन्यांना दुसरा, त्याखाली तिसरा. साग आणि साल पहिल्या वर्गात, आंबा आणि सावर तिसऱ्यात. घराच्या तुळईला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण आपलं काम सोपं आहे. बागेतल्या गाडीचा स्लीपर साधारण त्या खुंट्याच्याच मापाचा असतो आणि जमिनीलाच टेकलेला असतो. जणू देहरादूनवाल्यांनी आपल्यासाठीच चाचणी घेतली.

मात्र पहिला वर्ग मिळतो तो गाभ्याला. सागाच्या कडेचं पांढरं लाकूड सागाच्या नावावर खपतं, पण पावसाळ्यात ते फार दिवस काढत नाही. कोवळ्या झाडाच्या सागात पांढरंच जास्त. म्हणून वखारीत माल बघताना फळीचा पृष्ठभाग बघू नका, तोंड बघा. करवतीच्या ताज्या कापावर तपकिरी गाभा आणि फिका काठ स्पष्ट दिसतो. काठ अर्ध्या इंचाचा असला तरी पाच सेंटिमीटरच्या स्लीपरमध्ये तो चौथाई लाकूड खातो.

गंमत अशी की वाळवी-बुरशी रोखणारं औषध पिण्याच्या बाबतीत सगळं उलटं आहे. साग-सालचा गाभा औषध आत घेतच नाही. सावर, आंबा किंवा कुठलंही पांढरं लाकूड गटागट पितं. त्यामुळे वाटा दोनच. एक तर निव्वळ गाभ्याचं लाकूड घ्या आणि औषधाचा नाद सोडा, नाहीतर हलकं लाकूड घ्या आणि ते बंद टाकीत निर्वात करून, दाबाखाली औषध भरून आणा. सागाला वरून औषध फासणं हा मधला मार्ग वाटतो, पण तो फक्त खर्च वाढवतो.

इथे परदेशी सल्ल्यापासून जरा जपून. अमेरिकेतली मंडळी रेडवुड किंवा सिडारचे स्लीपर सुचवतात. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये साडेसात इंची गेजच्या गाड्या चालवणारी हौशी संस्था १९५६ पासून आहे. पुण्याच्या पेशवे पार्कातली मुलांची गाडी, फुलराणी, हीही त्याच वर्षीची. पण लॉस एंजेलिसला वर्षभरात ४०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, जिथे वनराणी ही छोटी गाडी धावायची, तेवढा जुलैच्या एका चांगल्या झडीत पडून जातो.

औषधांची कथा मोठी आहे, थोडक्यात सांगतो. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं क्रिओसोट दाबाखाली भरायची पद्धत १८३८ ची, बेथेल नावाच्या इंग्रजाची. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं पाण्यात विरघळणारं मिश्रण मात्र आपलं: सोंटी कामेशम यांनी ते १९३३ मध्ये देहरादूनलाच शोधलं आणि जगभरचे विजेचे खांब त्यावर उभे राहिले. दोन्ही औषधं उत्तम, आणि दोन्ही मुलांच्या बागेत नकोत. आर्सेनिकवालं लाकूड अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरातून आणि खेळण्याच्या जागांतून बाहेर पडलं. रेल्वेचे जुने क्रिओसोटवाले स्लीपर, जिथे अंगाला वारंवार लागतील अशा बागांत आणि क्रीडांगणांत वापरायला युरोपात बंदी आहे. आपल्याकडे भंगारात असे स्लीपर स्वस्त मिळतात आणि चिरून घ्यायचा मोह होतो. त्यात मोडके खिळे आणि रुतलेली खडी असते, करवतीचं पातं जातं, आणि उन्हाळ्यात मुलांच्या हाताला काळं लागतं. हा मोह आवरावाच.

उरलं तांब्याचं, आर्सेनिकविरहित औषध. ते मी पसंत करीन, एका अटीवर. रूळ अॅल्युमिनिअमचा असेल, आणि लहान गेजला बहुधा तोच असतो, तर तांबं आणि अॅल्युमिनिअम ओलाव्यात एकमेकांना लागले की रुळाला खड्डे पडतात. मध्ये प्लास्टिकची पट्टी घाला. स्क्रू स्टेनलेस घ्या, निदान जाड जस्ताचा मुलामा दिलेले. साधा खिळा त्या लाकडात गंजून जातो. बोरॅक्स-बोरिकचं पाणी स्वस्त आणि सौम्य, पण उघड्यावर दोन पावसाळ्यांत धुऊन निघतं. जळकं ऑइल फासण्याची आपल्याकडची खोड तर सोडाच. ते औषध नव्हे, घाण आहे, आणि पावसाबरोबर बागेच्या मातीत उतरतं. ओल्या लाकडावर डांबर फासलं तर आतली ओल आतच कोंडते.

आता शीर्षकातला प्रश्न. जुना स्लीपर उचलून टोच्याने तपासा. मधली पाठ टणक असते, टोचा टेकतो आणि थांबतो. स्क्रूच्या भोकापाशी मात्र तो मुठीपर्यंत जातो, आत काळपट भुसा असतो, स्क्रू हाताने निघतो. दोन्ही तोंडांकडेही तेच. पाणी लाकडाच्या अंगातून हळू शिरतं आणि तोंडातून, धाग्यांच्या लांबीने, झपाट्याने. भोक म्हणजे आणखी एक तोंड, तेही असं की ज्यात पाणी उभं राहतं. तेव्हा क्रम असा ठेवा: लाकूड मापाला कापा, भोकं गिरमिटाने पाडा, थरांमध्ये पट्ट्या घालून सावलीत थप्पी रचा, रापू द्या, आणि मगच औषधाला पाठवा. बहुतेक ठिकाणी औषध घातलेले वासे आणून जागेवर कापतात आणि भोकं पाडतात, म्हणजे नेमका कच्चा भाग उघडा करतात. अगदीच जागेवर कापावं लागलं तर त्या तोंडाला तांब्याच्या औषधाचे दोन-तीन हात लगेच द्या. कापलेले तुकडे आणि भुसा मात्र शेकोटीत घालू नका. कुठलंही औषध घातलेलं लाकूड जाळायचं नसतं.

स्लीपर मातीवर बसवू नका. खाली आणि बाजूंनी खडी हवी, पाठ उघडी हवी. लाकडात पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली राहिलं तर बुरशीला वाढताच येत नाही, आणि ते काम औषधापेक्षा खडी स्वस्तात करते. कुठली खडी, किती जाड आणि पाणी कुठे काढून द्यायचं, ते पुढच्या आठवड्यात.